भुपेंद्रगुरूंचा हिरवा किरण

दिघोरीच्या मच्छीमार सोसायटीचं सभागृह म्हणजे वर टिनं आणि तीन बाजूंनी भिंती. चौथी भिंत बांधायचा ठराव दर वर्षी होतो आणि दर वर्षी राहून जातो. त्या संध्याकाळी मात्र चौथ्या बाजूला माणसांचीच भिंत उभी होती. म्हातारे, पोरंसोरं, लेकुरवाळ्या बायका, झाडून सगळं गाव लोटलं होतं. समोर पांढऱ्या पडद्याला लागून दोरीवर नऊ फुगे टांगलेले होते, काचेसारखे आरपार दिसणारे. प्रत्येकाखाली एकेका लेसर कंपनीच्या नावाची चिठ्ठी लोंबत होती. उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवल्यानं डोळे चुरचुरत होते, पण कोणी हलायला तयार नव्हतं.

भुपेंद्रगुरू काळा चष्मा लावून उभे होते. भगवं बिगवं काही नाही. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मनगटावर जाड घड्याळ आणि हातात मखमली डबीतून काढलेली बोटभर लांब नळी. गुरू शेअरबाजारातले होते, तेव्हा त्यांना भगव्याची गरज नव्हती.

"डोळ्याच्या पडद्यावर इलाज कशानं होतो?" त्यांनी विचारलं.

"लेसरनं," लोक म्हणाले. तासाभरात एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं.

"लोखंडाचा पत्रा लोण्यासारखा कशानं कापतात? उद्याच्या लढाईत विमान कशानं पाडणार? मग उद्याचा पैसा कशात आहे?"

"लेसरात!"

"पण लेसरच्या कंपन्या ढीगभर. कोणती तरणार, कोणती बुडणार, हे मोठमोठ्या पदवीवाल्यांना कळत नाही. का? ते कागद वाचतात. मी किरणालाच विचारतो. लेसरच्या कंपनीची पारख लेसरच करणार."

त्यांनी नळीचं बटण दाबलं. धुरातून हिरवी रेघ सरळ पहिल्या फुग्यावर गेली. फुगा जसाच्या तसा. "नाकारला," गुरू म्हणाले. दुसरा नाकारला, तिसरा नाकारला. सातव्या फुग्यावर रेघ टेकली न टेकली तोच फाटकन आवाज झाला आणि फुगा चिंधड्या होऊन खाली पडला. त्याखालची चिठ्ठी होती ‘दीप्तरेषा लेसर’. उरलेल्या दोघांनाही किरणानं शिवून सोडून दिलं. नुसत्या उजेडानं नेमका एकच फुगा फुटलेला पाहून म्हाताऱ्यांनी हात जोडले. सोसायटीचे अध्यक्ष भोजराज यांना तर भरून आलं.

मागच्या खांबाला टेकून रेवताबाई हे सगळं बघत होती. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. हा माणूस आणि ही नळी तिनं याआधी एकदा पाहिली होती, मोहाडी तालुक्यातल्या करडीला, तिच्या माहेरी.

दोन वर्षांपूर्वी करडीतही असेच फुगे टांगले गेले होते. रेवताबाईचा धाकटा भाऊ नत्थू गुरूंच्या मागंपुढं धावला होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यानंच गोळा केलं होतं. डिमॅट खातं उघडायला वेळ जातो आणि वेळ गेला की संधी जाते, म्हणून गुरूंनी सगळ्यांचा पैसा स्वतःच्या ‘किरणकोशात’ घेतला होता. दोन महिन्यांनी नत्थूनं एवढंच विचारलं, की गुरुजी, शेअर घेतल्याचा एखादा कागद तरी दाखवा. नेमका त्याच आठवड्यात त्या कंपनीचा भाव कोसळला. गुरूंनी सारा गाव गोळा केला, हिरवी रेघ नत्थूच्या छातीवर रोखली आणि म्हणाले, "याच्या मनात शंका आली. शंकेनं किरण फिरला. तुमचा पैसा यानं खाल्ला." आणि गुरू निघून गेले.

गावानं ते खरं मानलं. करडीच्या तलावावर मासोळी धरली की पाळीवर, म्हणजे बांधावर, प्रत्येक घराचा हिस्सा मांडायची रीत आहे. त्या वर्षी नत्थूचा हिस्सा मांडला गेला नाही. तलावाचा कारभार पाहणाऱ्या मनिरामनं त्याच्या घरावरून जाताना तोंड फिरवलं, मग सगळ्यांनीच फिरवलं. नत्थू रायपूरला राइस मिलमध्ये पोती वाहायला गेला. माय मेली तेव्हा तो आला, तर तिच्या तिरडीला खांदा द्यायला गावातून चौघं निघाले नाहीत. एक बाजू रेवताबाईच्या नवऱ्यानं धरली, एक खुद्द रेवताबाईनं. त्या दिवशी मायच्या सरणासमोर तिनं ठरवलं होतं, की या माणसाला ती सोडणार नाही. तो तुरुंगात गेला तरी तिचं समाधान होणार नव्हतं. त्यानं जसं नत्थूला भर गावात उभं केलं, तसाच तो भर गावात उभा राहायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती भोजराजांकडे गेली आणि करडीची हकीकत सांगितली. भोजराज शांतपणे म्हणाले, "रेवता, ते आमाले गुरुजीनं पयलेच सांगतलं. नत्थूची बहीण या गावात आहे, ते बोलनच, मनावर घेऊ नका, म्हणून." रेवताबाईच्या तोंडचे शब्दच गुरूंनी आधी काढून घेतले होते. तिचा राग आणखी वाढला, पण आता तिला कळलं की नुसतं ओरडून भागायचं नाही.

सभागृह झाडायची पाळी त्या आठवड्यात तिचीच होती. केरात फुटलेल्या फुग्याचे तुकडे होते. एका तुकड्यावर बोटभर काळा डाग दिसला. तिनं अंगठ्यानं घासला तर अंगठा काळा झाला. लेकरांच्या डोळ्यात घालून घालून ज्या बाईचा जन्म गेला तिला काजळ ओळखायला काय वेळ लागतो? आरपार दिसणाऱ्या फुग्याला काजळ काहून, एवढंच तिला उमगेना. तिनं तो तुकडा पदराच्या गाठीला बांधला.

पुढे सहा आठवडे गेले आणि ‘दीप्तरेषा’चा भाव खरोखरच चढला. गावातली पोरं मोबाइलवर रोज भाव दाखवत फिरू लागली. रेवताबाईलाही क्षणभर कसंसंच झालं. भाव तर खरा होता, तो काही गुरूंनी काजळानं काढला नव्हता. भोजराजांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी गुरुजी परत येतील आणि सोसायटीनं यंदाच्या बोटुकलीसाठी ठेवलेला सगळा पैसा किरणकोशात टाकायचा ठराव होईल. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. श्रावणात ती तलावात सोडली नाहीत, तर वर्षभर जाळं टाकून फक्त शेवाळ निघतं.

रेवताबाई साकोलीच्या बाजारात मासोळी विकते. तिथं गावोगावच्या बायका ओळीनं पाट्या मांडून बसतात. तिनं सहज शेजारच्या धुरपताला विचारलं, "तुमच्या गावी आला होता काय वं तो फुगेवाला?"

"आला होता ना. आमच्या इकडं नीलाग्नी नावाची कंपनी फुटली. मंग तिचा भाव पडला अन् तो पुन्हा आलाच नाई."

पलीकडची रुखमा म्हणाली, की त्यांच्या गावी तिसरीच कंपनी फुटली होती. तिथंही तो परत फिरकला नव्हता. रेवताबाईनं त्या दिवशी मासोळी विकायची सोडून पूर्ण ओळ पालथी घातली. मागच्या दोन महिन्यांत गुरू नऊ गावं फिरले होते. नऊ गावांत नऊ वेगळे फुगे फुटले होते. भाव चढला फक्त एका गावाच्या कंपनीचा, आणि गुरू परत येणार होते ते फक्त त्याच गावात.

पाटीवर माशा बसत होत्या आणि रेवताबाई तशीच बसून होती. बोटुकलीची गाडी गावात येते तेव्हा पिल्लं कोणी एकेक मोजत नाही. गाडीवाला जाळीच्या वाटीनं ती भरून देतो. एका वाटीतली पिल्लं मोजायची आणि तेवढीच सगळ्या वाट्यांत आहेत असं धरायचं. पण मोजायची वाटी कोणती, हे गाडीवाला कधीच ठरवत नाही. तो दहा वाट्या भरून ठेवतो आणि घेणाऱ्यांपैकी एखादी बाई त्यातली वाट्टेल ती उचलते. गाडीवाल्याला उचलू दिली तर तो ठासून भरलेलीच पुढं करणार, हे दिघोरीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. आणि त्याच दिघोरीनं गुरूंना मात्र त्यांची वाटी त्यांनाच उचलू दिली होती. नऊ गावं म्हणजे त्यांच्या नऊ वाट्या. आठ रिकाम्या त्यांनी मागं लपवल्या आणि भरलेली एक नाकासमोर धरली.

बाजारातून उठून ती तडक लिलाधर मास्तरांकडे गेली. मास्तर साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. बोलायला थोडे तुसडे, पण ऐकून घेतात. त्यांनी रबराचा तुकडा उजेडात धरला आणि हसले. "उन्हात पांढरी छत्री तापत नाही, काळी तापते. आरपार फुग्यातून उजेड निघून जातो, त्याला अडवणारंच काही नाही. मागच्या अंगाला काजळाचा ठिपका असला, की तो सगळा किरण पितो, तापतो आणि तिथलं रबर वितळतं. लोकांना दिसते पुढची बाजू. ठिपका असतो पडद्याकडे."

मास्तरांनी मोबाइलवर ‘दीप्तरेषा’चा वार्षिक अहवालही उघडला. शेअरबाजाराच्या वेबसाइटवर तो कोणालाही फुकट बघता येतो, फक्त बघावा लागतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही कंपनी दोरे विकत होती आणि मग तिनं नाव बदललं होतं. कामगार होते सहा. वर्षभराचं वीजबिल दिघोरीच्या पिठाच्या गिरणीपेक्षा कमी होतं. मास्तर म्हणाले, "लेसरची यंत्रं बनवणारा कारखाना एवढ्या विजेवर आठवडाभरही चालायचा नाही. आपण पोलिसांत तक्रार देऊ. हा माणूस सल्ला देतो, पैसे गोळा करतो, आणि सेबीची नोंदणी कुठं आहे त्याची?"

"तक्रार द्या मास्तर. पण पोलिसाइले रविवारी बोलवा, थोडं उशिरा," रेवताबाई म्हणाली. "आधी मले त्याच्याशी बोलायचं आहे."

रविवारी गुरू आले. मागच्या खोलीत दार लावून त्यांनी फुगे फुगवले, दोरीवर टांगले आणि भोजराजांकडे जेवायला गेले. रस्सा रेवताबाईनंच रांधला होता, मुद्दाम काटेरी मासोळीचा, म्हणजे गुरूंना उठायला वेळ लागावा. उदबत्त्या लावायच्या निमित्तानं ती सभागृहात एकटी राहिली. ‘दीप्तरेषा’च्या फुग्यामागचा ठिपका तिनं ओल्या पदरानं पुसून काढला. मग कमरेची काजळाची डबी काढली आणि ‘नीलाग्नी’च्या मागं एक झकास ठिपका दिला. मायच्या सरणाच्या दिवसानंतर तिला पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. धुरपता, रुखमा आणि बाजारातल्या बाकीच्या बायका आल्या होत्या. करडीहून एक काळीपिवळी भरून माणसं आली होती आणि त्यांत मनिरामही होता. नत्थूच्या प्रकरणाचा निकाल लागणार आहे, असा निरोप रेवताबाईनं पाठवला होता. तो निकाल कोणाच्या विरुद्ध, हे तिनं सांगितलं नव्हतं.

गुरू रंगात आले होते. नीलाग्नी कंपनीकडे बोट करून म्हणाले, "ही तीन महिन्यांत बुडणार. किरण हिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही." आणि किरण तिच्यावर टेकवला. फाटकन फुगा फुटला.

लोक हसले. गुरूंनी घाईघाईनं रेघ ‘दीप्तरेषा’वर नेली. फुगा जागचा हलेना. त्यांनी हात स्थिर धरला, दोन पावलं पुढं गेले, मनातल्या मनात काही पुटपुटले. फुगा झुलत राहिला आणि आरपार जाणारी हिरवी रेघ मागच्या पडद्यावर थरथरत राहिली. मग त्यांनी नळी खाली केली, गर्दीकडे वळले आणि रेवताबाई ज्याची दोन वर्षं वाट बघत होती तेच बोलले.

"इथं कोणाच्या तरी मनात शंका आहे."

"हो," रेवताबाई उभी राहिली. "माह्या मनात आहे."

ती गर्दीतून पुढं गेली. गुरूंच्या हाताखालून दोरी ओढून तिनं उरलेले आठही फुगे उलटे फिरवले आणि डबीतलं काजळ आठांच्याही मागं, सगळ्यांदेखत लावलं. आता गुरूंना म्हणाली, "लावा किरण." गुरूंनी नळी खिशात घातली. मास्तरांनी ती खिशातून काढून घेतली आणि एकेका ठिपक्यावर धरली. फाट, फाट, फाट. बुडणाऱ्या आणि तरणाऱ्या सगळ्या कंपन्या एकाच ओळीत फुटल्या. टिनाखाली तो आवाज घुमला आणि एक लेकरू खिदळायला लागलं.

मग बाजारातल्या बायका एकामागून एक उभ्या राहिल्या. प्रत्येकीनं आपलं गाव आणि तिथं फुटलेली कंपनी सांगितली. आठव्या बाईपर्यंत भोजराजांनी मान खाली घातली होती. मास्तरांनी विचारलं, की किरणकोशात पैसा टाकला त्यांपैकी एकाच्या तरी नावावर एक तरी शेअर आहे का? भाव पडल्याचं दुःख करडीच्या माणसांनी दोन वर्षं केलं होतं. पडायला आधी शेअर घेतले तरी होते का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मास्तर पुढं बोलले ते साधंच होतं. "लेसर खोटा नाही. माझ्या आईच्या डोळ्याचा पडदा त्यानंच वाचवला. पण उजेड खरा आहे म्हणून त्याच्या नावानं दुकान मांडणारा खरा ठरत नाही. कंपनी काय बनवते, कोण विकत घेतं, खर्च जाऊन काय उरतं, कर्ज किती, मालक स्वतःचे शेअर विकून पळतोय का, हे सगळं कागदावर असतं. ते वाचूनही माणूस चुकतो, मीही चुकलोय. पण शेअर आपल्या नावावर, आपल्या खात्यात असेल, तर निदान चूक तरी आपली असते."

तोवर मागची पोरं बाह्या सारून पुढं सरकली होती. गुरू भिंतीला चिकटले. रेवताबाई आडवी आली.

"हात नका लावू त्याले. मार खाल्ला का तो बिचारा होते, अन् मंग लोकं त्याच्याच बाजूनं रडतात. मले तो बिचारा नाही पायजे."

तिनं मोबाइल काढला, रायपूरला लावला आणि आवाज मोठा केला. मिलची घरघर ऐकू आली, मग नत्थूचा आवाज. तिनं मोबाइल गुरूंच्या तोंडाशी धरला आणि सांगितलं, की काजळापासून कोशापर्यंत सगळं याला सांगायचं, आणि शंकेनं किरण फिरला हे खोटं होतं तेही सांगायचं. गुरू आधी पुटपुटले. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. काळा चष्मा तिनंच काढून घेतला होता. त्याच्या आडचे डोळे अगदी साधे, घाबरलेले निघाले. रेवताबाईला दया आली नाही. ती यावी असंही तिला वाटलं नाही.

पोलीस आले आणि गुरूंना, नळीला आणि मखमली डबीला घेऊन गेले. लोक उठू लागले. तमाशा संपला, चला घरी, अशा समाधानानं करडीची माणसंही उठली. त्यांच्यापुढं रेवताबाई दार अडवून उभी राहिली. नत्थू अजून मोबाइलवर होता.

"तुम्ही कुठं चालले? तो तर चोरच होता, त्यानं चोराचं काम केलं. मायच्या तिरडीले खांदा त्यानं नाही नाकारला."

मोबाइल तिनं पहिल्या माणसाच्या हातात दिला. तो हातोहात फिरला. कोणी म्हणालं चुकलं, कोणी म्हणालं परत ये, एक म्हातारी नुसती रडली. नत्थू प्रत्येकाला फक्त "हो" म्हणत होता. शेवटी मोबाइल मनिरामकडे आला. तो म्हणाला, की बाबू, यंदा पाळीवर तुझा हिस्सा सगळ्यात आधी मांडू.

पलीकडून नत्थूनं फोन कापला.

मनिरामनं मोबाइल रेवताबाईपुढं धरला. तिनं घेतला नाही.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "तो उचलतपर्यंत लावा. अन् पुढच्या खेपेले असा कोणी आला, त्याच्या हातात नळी नसन, दुसरं काही असन. गावात एखादा तरी माणूस उठून कागद मागनच. तवा आधी तो कागद बघजा. मागणाऱ्याले गावाबाहेर नका काढू. करडीत एकच शहाणा होता, अन् तुम्ही त्यालेच हाकललं."

मनिरामनं पुन्हा नंबर लावला.